दाखल होण्यापुरता राग

काकांनी अकरा वर्षं कुणावर हात उचलला नव्हता. तुम्हीआम्हीही उचलला नसेल, पण आपल्या कानात कुणी दिवसभर ‘हाण त्याला, हाण’ म्हणत बसत नाही. काकांच्या कानात बसायचं. बायकी आवाज, कमालीचा चिवट. गोळ्यांनी तो दबायचा, पण घर सोडून जायचा नाही.

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काका टेबलाच्या टोकाला बसत. छापील कागदाच्या घड्या घालायच्या आणि लाकडी पट्टीनं दाबायच्या, एवढंच काम. आवाज चढला की काका दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरून एकाच घडीवरून वीस-वीस वेळा फिरवायचे. फोरमन म्हणायचा, “काका, कागद आहे तो. लग्नातला शर्ट नाही, इतकी इस्त्री करायला!” सगळे हसायचे, काकाही हसायचे. पाच वर्षं हे बघितल्यावर त्याच फोरमननं त्यांना कटिंग मशीनवर उभं केलं. हातभर लांब पातं! घरी थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, ज्यांना भाजी चिरायला सुरी देत नव्हती, त्यांना. त्या संध्याकाळी काका घरी आले ते आनंदानं तरंगतच.

वहिनीचंही सगळंच चूक होतं असं नाही. बत्तिसाव्या वर्षी, गोळ्या सुरू होण्याआधी, काकांनी वडिलांना जिन्यावरून ढकललं होतं. वडील वाचले, मरेपर्यंत लंगडले, पण त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ती कसर थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, भरून काढली. जेवताना मीठ कमी पडलं तरी त्याला तो जिना आठवायचा.

मग पुतणीचं लग्न ठरलं.

“आठ दिवसांचा प्रश्न आहे,” दादा म्हणाला. “पाहुणे घरात उतरणार. तू कोपऱ्यात पुटपुटताना दिसलास तर? पोरीचं लग्न मोडेल रे. आठ दिवस दवाखान्यात राहा. नवव्या दिवशी मी स्वतः न्यायला येतो.”

काकांनी मान डोलावली. पुतणीसाठी त्यांनी आठ दिवस काय, आठ वर्षं काढली असती. घरात त्यांच्या हातचा चहा न बिचकता पिणारी ती एकटीच होती.

घोडं अडलं ते दवाखान्यात. “खाटा चाळीस आणि माणसं सत्तर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुसऱ्याला इजा करील अशालाच घेतो आम्ही. हे तर रोज कामावर जातात! घरी न्या.”

दादानं काकांना बाहेर बाकावर आणलं. “हे बघ, काहीतरी फेक. माणसावर नको, भिंतीवर. नुसतं नाटक करायचंय.”

“मला नाही जमायचं, दादा.”

“पोरीसाठीसुद्धा नाही?”

दोघं पुन्हा आत गेले. टेबलावर पाण्याचा काचेचा ग्लास होता. काकांनी तो उचलला, जरा वेळ हातात धरला आणि पाणी पिऊन टाकलं. दादानं कपाळाला हात लावला. मग काकांच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, “बाबांना ढकलताना बरा चालला होता हात.”

ग्लास सुटला. भिंतीवरच सुटला, हे ठासून सांगायला हवं, कारण पुढे काकांखेरीज कुणीच ते सांगितलं नाही. काच उडाली आणि दाराशी उभ्या असलेल्या नर्सच्या भुवईत घुसली. रक्त बघताच दवाखान्यातले चौघं धावले. त्यांनी काकांना पालथं पाडलं, एकानं पाठीवर गुडघा रोवला, एकानं सुई टोचली. फरशीला गाल चिकटलेला असताना काका म्हणाले, “दादा, सांग ना रे यांना.”

दादानं सांगितलं. “घरी रोज हेच चालतं, डॉक्टर. आम्ही जीव मुठीत धरून राहतो.”

लग्न थाटात झालं. नववा दिवस आला आणि गेला, विसावाही गेला. काकांनी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं: ‘केलेल्या कृत्याची जबाबदारी घेत नाही. सख्ख्या भावावर संशय.’ मग गोळ्या वाढवल्या. फोरमननं मशीनवर दुसरा माणूस घेतला. नर्सचं डोकं फोडणाऱ्याच्या हाती पातं कसं द्यायचं, असं तो म्हणाला, आणि त्याच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. दादानं तर ही गोष्ट इतक्यांना इतक्यांदा सांगितली की त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास बसला. आता तो रात्री खरोखर दाराला कडी लावून झोपायचा. निर्लज्ज माणसाला निदान आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. याला तेवढंही उरलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात पुतणी भेटायला आली. काका सकाळीच दाढी करून बसले होते. या एका पोरीला खरं सांगायचं, ती ऐकेल, असं त्यांनी ठरवलं होतं. गोळ्यांनी जीभ जड झाली होती म्हणून ते वाक्य मनात घोकत होते.

ती आली आणि खुर्ची टेबलाच्या दाराकडच्या बाजूला ओढून बसली. आणलेली बिस्किटं तिनं टेबलावरून सरकवली, हातात दिली नाहीत. बराच वेळ ती अंगठीशी चाळा करत राहिली.

“काका, खरं सांगशील?” ती म्हणाली. “मलाही मारलं असतंस का रे तू कधी?”

आता फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. पण काकांना एक गोष्ट आठवली, जी त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही सांगितली नव्हती. ग्लास सुटला त्या क्षणी कानातला आवाज अकरा वर्षांत पहिल्यांदा गप्प झाला होता, आणि हाताला फार बरं वाटलं होतं. तेवढं मात्र नाटक नव्हतं.

त्यांनी तोंड उघडलं. ती वाट बघत राहिली. मग तिनं पर्स उचलली, आणि पाठ न वळवता दारापर्यंत गेली.