पहिला तुकडा

कंपाउंडच्या भिंतीवर स्टीलचा पेला टक, टक, टक असा वाजला की समजायचं, फोरमनसाहेब रस घेऊन उभे आहेत. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत दोन घरांच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावरून आधी त्यांचा हात दिसायचा, हातात पेला, पेल्यात काहीतरी गडद हिरवं. मग टक्कल, आणि मग हुकूम: "बघायचं नाही, हुंगायचं नाही. प्यायचं."

मी प्यायचो, पण फक्त रविवारी. रोज घ्यायला मी नकार दिला होता आणि ही आमची तडजोड होती. दुधी, त्याच्या निम्मं कारलं, दोन आवळे, आल्याचा तुकडा, थोडा पुदिना. हे प्रमाण त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की आजही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

तुम्ही सकाळी फिरायला जात असाल तर असा माणूस तुम्हाला भेटलेला असणार. जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी बिटाचा, कोहळ्याचा, गव्हांकुराचा रस विकणारे बसतात. त्यांच्यापाशी उभं राहून, स्वतः काही विकत न घेता, येणाऱ्याजाणाऱ्याला काय प्यावं ते सांगणारा. ट्रॅकवरचे लोक फोरमनसाहेबांना पाहून वाट बदलत. त्यांना ते कळायचं, आणि ते मुद्दाम उलट्या दिशेने चालायला लागायचे.

सातपूरच्या एका कारखान्यात पंप बनत, तिथून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. माझी नोकरी अंबडच्या एका कंपनीत, मालाचा खर्च काढणाऱ्या कॉस्टिंग खात्यात. म्हणून ते मला नावाने हाक मारत नसत. "काय कॉस्टिंग, आज किती मायनस?" एवढंच. सोसायटीच्या पाणीपट्टीच्या हिशोबात मी एकदा चूक काढली होती, तेव्हापासून त्यांना माझ्याबद्दल थोडा आदर आणि बरीच गंमत वाटे.

रस काढायचं यंत्र त्यांनी स्वतः तयार केलं होतं. बाजारातले ज्यूसर त्यांच्या मते खेळणी. एका जुन्या मोटरीवर त्यांनी स्टीलचं भांडं आणि दाबून पिळायचा स्क्रू बसवला होता. ते सुरू झालं की दोन्ही घरांची सामाईक भिंत थरथरायची आणि आमच्या फळीवरच्या कपबशा किणकिणायच्या. बायको म्हणायची, "उठा, शेजारचा कारखाना सुरू झाला." सुरुवातीला तिला राग यायचा. पुढे आम्ही दोघंही तो आवाज यायची वाट बघायला लागलो. त्याचं कारण सांगतो.

एकदा पावसाळ्याच्या आधी आम्ही दोघं पांडवलेणी चढत होतो. निम्म्या वाटेवर ते थांबले आणि पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम, तोही गार. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "प्रेशर मिळत नाहीये." थट्टेच्या सुरातच म्हणाले, पण माझा हात त्यांनी खाली उतरेपर्यंत सोडला नाही.

अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे, एक ऐंशी टक्के. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि फार थांबू नका म्हणाले. फोरमनसाहेब फाइल घेऊन भिंतीपाशी आले, मला रिपोर्ट वाचायला दिला आणि निकाल स्वतःच सांगितला. "स्केल साचलंय, क्षाराचा थर. पाइपात स्केल साचलं तर पाइप कापतात का? फ्लश करतात." दुधीचा रस सुरू झाला तो तेव्हापासून. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दुधीने अडथळे विरघळतात.

मी म्हणालो, ऐंशी टक्के बंद आहे.

"म्हणजे वीस टक्के चालू आहे," ते म्हणाले. "तुम्हाला नेहमी मायनसच दिसणार."

त्यानंतर सकाळचा तो आवाज आम्ही वेगळ्या कानांनी ऐकू लागलो. कपबशा किणकिणल्या की बायको चहा ठेवायची. एखाद्या दिवशी उशीर झाला की ती गॅसजवळ नुसती उभी राहायची.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. माहेर देवळ्याकडचं, शेतातलं. बोलणं एरवी शहरी, पण राग आला किंवा डोळ्यांत पाणी आलं की अहिराणी. त्यांची एक सवय होती. काकडी असो, दोडका असो, दुधी असो, देठाकडचा एक तुकडा कापायचा, तोंडात टाकायचा, आणि मगच बाकीचा चिरायचा. कडू निघाला तर अख्खा उकिरड्यावर. तुमच्याही घरात कुणीतरी हे करतच असेल. माझी आई करायची, बायको करते. का, असं मी कधी विचारलं नव्हतं.

फोरमनसाहेबांना ते पटत नसे. रसात कारलं असतंच, मग कडूत कडू काय कळणार? शिवाय त्यांचा सिद्धांत असा की कडू लागलं म्हणजे औषध लागू पडतंय. काकू ऐकायच्या नाहीत. भाजी धुऊन, चाखून त्या ताटात ठेवायच्या, तेव्हा यंत्र सुरू व्हायचं. एकदा माझ्यासमोरच त्यांनी नवऱ्याला सुनावलं, "तीस वर्षं कंपनीत पहिला पीस तपासल्याशिवाय मशीन चालू दिलं नाही म्हणून सांगता. घरात पहिला तुकडा चाखायला जीभ झिजते का?"

"तपासायला क्यू.सी. खातं आहे ना घरात," ते काकूंकडे बोट दाखवून म्हणाले. काकू हसल्या नाहीत.

मागच्या पावसाळ्यात काकू मुलीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला गेल्या. जायच्या आधी त्यांनी नवऱ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. त्या परत आल्या की दवाखान्यात दाखल व्हायचं आणि बायपास करून घ्यायची. आणि तोपर्यंत चाखल्याशिवाय काही चिरायचं नाही. पहिली गोष्ट त्यांनी इतक्या सहज मान्य केली की मला आश्चर्य वाटलं. मागून मला म्हणाले, "घाबरलोय हो थोडा. पायऱ्या चढताना कळतं." मग लगेच, "पण तिला बोलू नका. भाव वाढेल तिचा." मी त्यांच्या बरोबर जाऊन दाखल व्हायची तारीख घेतली. आता फक्त काकू परत यायच्या होत्या.

त्यांच्या मागच्या अंगणात, नाल्याच्या बाजूला, रसाचा चोथा टाकायचा खड्डा होता. जून दुधीच्या बियाही तिथेच जायच्या. काकू गेल्या आणि त्या खड्ड्यातून एक वेल उगवला. कुणी लावला नाही, पाणी घातलं नाही. बघता बघता तो भिंतीवर चढला, भिंत ओलांडून आमच्या बाजूला उतरला. पानं माझ्या पंजापेक्षा मोठी. दिवेलागणीला त्यावर पांढरी फुलं उमलायची आणि सकाळी कोमेजलेली असायची. बायको दोरीवरचे कपडे काढायला त्या बाजूला जायचं टाळू लागली. म्हणाली, "किती भराभर येतोय. चांगला नाही वाटत."

फोरमनसाहेब मात्र खूश होते. बाजारातल्या दुधीला इंजेक्शन देऊन रातोरात फुगवतात, हे त्यांचं आवडतं दुःख. आता घरचा माल आला होता. पहिल्या फळाला ते जाता-येता हात लावायचे. फळ बुटकं होतं, मानेपाशी आवळलेलं, तुंब्यासारखं. बायको म्हणाली, हे दुधीसारखं दिसत नाही. ते म्हणाले, "वहिनी, चोथ्यातून आलंय. आमच्याच रसाचं पोर आहे."

तो रविवार होता. कपबशा किणकिणल्या. भिंतीवर पेला वाजला, टक, टक, टक.

"आज घरचा माल," ते म्हणाले. "मी घेतला. आता तुम्ही."

मी एक घोट घेतला. कारल्याचं कडू मला माहीत होतं. ते जिभेवर येतं आणि जातं. हे गेलं नाही. ते घशात उतरून तिथेच चिकटून बसलं. मी नळाशी जाऊन थुंकलो, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली.

"फोरमनसाहेब, हे कारल्याचं कडू नाही. तुकडा चाखला होता का?"

"फर्स्ट पीस इन्स्पेक्शन तुम्ही आत्ता केलंत की."

"मग रिजेक्ट. ओतून द्या सगळं. आणि तुम्ही घेतलाय तो बाहेर काढा."

ते हसले. पेल्यात अजून भरपूर रस होता. त्यांनी भिंतीवरून हात लांब करून माझ्या हातातला पेला घेतला. "रिजेक्ट मालाचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, कॉस्टिंग?" असं म्हणून, मी हात पुढे करेपर्यंत, त्यांनी तो एका दमात संपवला. पेला उलटा करून दाखवला. हिरवा थेंब भिंतीवर पडला.

मी चप्पल घालून रस्त्याने त्यांच्या दाराशी गेलो. मीठपाणी प्या म्हणालो, दवाखान्यात चला म्हणालो. ते पेपर उघडून बसले होते. तुमची जीभ नाजूक आहे म्हणाले. मी तिथेच बसून राहिलो. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते पेपरकडे. थोड्या वेळाने त्यांनी पेपर हळूच घडी करून बाजूला ठेवला. पोटावर हात ठेवला. मग बेसिनकडे धावले.

आधी हिरवं पडलं. मग लाल.

मी गाडी काढली. बायको मागच्या सीटवर त्यांचं डोकं धरून बसली. सिग्नलला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलताना दम लागत होता. "तिला सांगू नका," ते म्हणाले. "चाखला नव्हता, ते."

डॉक्टरांनी काय घेतलं ते विचारलं, आणि दुधी हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. कडू होता का, विचारलं. मी हो म्हणालो. कडू दुधीच्या विषाला उतारा नाही, फक्त सलाइन देऊन रक्तदाब धरून ठेवायचा, तो धरला तर पोट सावरतं, असं त्यांनी सांगितलं. पण रक्तदाब पडत राहिला आणि ज्या हृदयाने तो सांभाळायचा त्याला तेवढी ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. धुळ्याहून काकू पोचल्या तेव्हा ते बोलण्यापलीकडे होते. दाखल व्हायची तारीख अजून पुढे होती.

सगळे विधी उरकल्यावर काकूंनी एका सकाळी माझ्याकडे कोयता मागितला. मी आणि बायको तिकडे गेलो. काकूंनी वेलावरचा एक भोपळा तोडला, देठाकडचा तुकडा कापला आणि आम्ही नको म्हणेपर्यंत जिभेला लावला. लगेच थुंकल्या. "कडू शे," म्हणाल्या. दुसरा तोडला. तुकडा, जीभ. "कडू शे." बायकोने त्यांचा हात धरला तेव्हा त्या थांबल्या, आणि कोयता घेऊन वेलाच्या बुडख्याशी बसल्या.

वेल तुटल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चाखला असेल हो त्यांनी. मला शब्द दिला होता. कारलं खाऊन खाऊन जीभ मेली होती त्यांची, कळलं नसेल."

चुकीचा आकडा दिसला की मला गप्प बसवत नाही. बायको माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "चाखला होता. माझ्यासमोर."

काकूंनी मान हलवली आणि कोयता धुवायला नळाकडे गेल्या.

ते यंत्र त्यांच्या ओट्यावर फडक्याखाली आहे. वेल वाळून गेला, त्यांच्या बाजूचा मी ओढून काढला. आमच्या बाजूला, पानांच्या आड एक भोपळा राहिला होता, तो थंडीत दिसायला लागला. वाळून हलका झालाय, रंग हाडासारखा. गंगापूर धरणाकडून पहाटेचा वारा सुटतो तेव्हा तो हलतो आणि भिंतीवर आपटतो.

टक, टक, टक.

बायको उठते, चहा ठेवते. मी रोज ठरवतो की आज तो काढून टाकायचा. अजून काढलेला नाही.