दारातली आडवी काठी

बाभुळगावच्या त्या गल्लीत सगळी घरगुती छोटी दुकानं. बायकोला बांगड्या घ्यायच्या होत्या, आणि बांगडीवाल्याच्या दारात नेमकी काठी आडवी. मी चिडलो, "भरदुपारी दुकान बंद काहून?"

समोरचा भजीवाला हात पुसत आला. "बंद कुठी हाये? काठी आडवी म्हंजे तो जेवाले गेला. मी दाखवतो ना." काठी बाजूला करून तो आत माझ्या बायकोला बांगड्या काढून दाखवू लागला. मग आतूनच ओरडला, "भाऊ, माही भजी जळून राह्यली, जरा पलटवा!"

पुटपुटत मी झारा उचलला. पहिला घाणा काळपट झाला, दुसरा बरा निघाला.

तेवढ्यात एकानं विचारलं, "भजीवाला दिसत नाही, दुकान बंद हाये का?"

मी डाफरलो, "बंद कुठी हाये? किती देऊ?"