भगवानकाकांचा उजवा डोळा

भगवानकाका आंबिवली स्टेशनबाहेर तीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतायत. अकरा वर्षांपूर्वी बॅटरी फुटून अ‍ॅसिड उडालं आणि त्यांचा डावा डोळा गेला. तेव्हापासून चालू इंजिनावर वाकायला ते घाबरतात. काम मात्र सुटलेलं नाही.

परवा सिद्धेश नावाच्या एका तरुणाने त्यांना घोडबंदर रोडवरच्या आपल्या टॉवरच्या तळघरात बोलावलं. आजोबांची जुनी फियाट त्याने नुकतीच रंगवून घेतली होती. रंगवल्यापासून दोन बॅटऱ्या मेल्या होत्या.

"चार्जिंगच होत नसणार," इंजिन चालू ठेवून सिद्धेश म्हणाला. "बॅटरीचं टर्मिनल काढून बघू ना, काका. व्हिडिओत तसंच दाखवतात." पाना त्याच्या हातात तयार होता.

काकांनी आधी मीटर लावला. चौदाच्या आसपास व्होल्ट हवे होते, आकडा सतरा होता. चार्जिंग कमी नव्हतं, जास्त होतं. मग सडक्या अंड्यांसारखा वास आला. बॅटरी उकळत होती. तिच्यातून निघणाऱ्या वायूचा स्फोट व्हायला टर्मिनल काढताना उडणारी एक ठिणगी पुरली असती.

सिद्धेशचा पाना टर्मिनलकडे गेला.

"ए, हात काढ! काढ आधी!" काकांनी त्याला ढकललंच, आणि आत हात घालून चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय काका, केवढं घाबरवलंत!"

"आणि मी नाही घाबरलो?" काकांनी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "माझा डोळा अशाच पान्याने गेला. एकच उरलाय रे."

वायू निघून जावा म्हणून पाऊण तास त्यांनी कुणालाही गाडीजवळ येऊ दिलं नाही. मग कटआउट, म्हणजे चार्जिंग आवरणारी छोटी डबी, उघडून काढली. तिला बॉडीतून अर्थिंग मिळतं. पण खाली नवा, जाड, चकचकीत रंग होता. अर्थिंग तुटलेलं, म्हणून डबीला चार्जिंग आवरताच येईना. काकांनी तेवढा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि डबी परत बसवली.

"आता खांबामागे जा."

इंजिन सुरू झालं. काकांनी डावा गाल बॅटरीकडे केला. पण मीटरच्या वायरी आखूड होत्या. आकडा वाचायचा तर चांगला डोळाच तिकडे वळवायला हवा. ते दोनदा वळता वळता थांबले. तिसऱ्यांदा श्वास रोखून वळले.

"चौदा पॉइंट दोन!" म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच फरशीवर बसले.

"चला, स्टेशनला सोडतो," सिद्धेश म्हणाला.

"ह्या उकळलेल्या बॅटरीवर? आधी नवी टाक. मी बसने जातो."