उपग्रहाला केळी चारणारी

आमची एदिल्मा वहिनी पाद्रीबाबांपासून दूधवाल्यापर्यंत कुणालाही गोड बोलून गंडवायची, आणि गंडलेला माणूस वर तिच्याकडेच जेवून जायचा. काली शहराच्या वरच्या डोंगरात माझ्या भावाचं, आर्सेसियोचं घर. त्याच्या पडवीत वहिनीची खानावळ. पक्षी बघायला शहरातून माणसं येत, तिचा कोंबडीचा दाट रस्सा, सान्कोचो, ओरपत आणि धुकं उतरायच्या आत परतत.

मग ग्रामसमितीनं डोंगरात पक्षी-वाट आखायचं ठरवलं. वाट एकच. ती वहिनीच्या दारावरून जाणार की ओढ्यापलीकडच्या मार्लेनीच्या, हे पुढच्या वर्षी नकाशा बघून ठरणार होतं. पलीकडे गेली, की खानावळीला कुलूप.

नकाशासाठी विद्यापीठातून यामिले आली. गुळाचं पाणी पीत तिनं समजावलं, "उपग्रह वरून हिरवाई मोजतो. हिरवाई जितकी दाट आणि नाना तऱ्हेची, तितके पक्षी जास्त, जातीही जास्त, असा अंदाज. तो कितपत खरा, ते मी ठिकठिकाणी पहाटे पक्षी मोजून बघणार."

वहिनीनं त्यातलं एवढंच ऐकलं, की वरून हिरवं दिसायला हवं. रविवारी चर्च बुडवून तिनं नवऱ्याला छपरावर चढवलं आणि पत्रे पोपटी रंगवून घेतले. डुकरांच्या खोपटावरसुद्धा हिरवी जाळी पांघरली.

यामिले हसू आवरत म्हणाली, "एदिल्माबाई, पानं आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही परत फेकतात. उपग्रह तोही मोजतो. रंगानं नाही फसत तो."

"मेला चोंबडा!" वहिनी म्हणाली.

"छप्पर मात्र झकास झालंय हं, वहिनी," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा, वन्सं. भावाचा पाय मुरगळलाय, त्याला तेल चोळा."

नकाशात मार्लेनीची बाजू गर्द दिसत होती, आमची फिकट. कारण गावाला ठाऊक होतं. जेवताना गिऱ्हाइकांना दरी दिसावी, गाड्या लावता याव्यात, म्हणून वहिनीनंच खालचा उतार भुंडा करून घेतला होता. तिथे गवताखेरीज दोन-तीन झाडं काय ती उरलेली.

"पक्षी मोजायचे आहेत ना अजून? मग झालं तर," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या पहाटे त्या झाडांवर जत्रा भरली. निळे, पिवळे, शेंदरी तांगारा पक्षी, वर कोंबडीएवढ्या ग्वाचाराकांचा कलकलाट. यामिले भराभर मोजत होती. एवढ्यात पिकल्या केळ्याचा गोळा तिच्या टोपीवर पडला.

तिनं वर पाहिलं. फांदीफांदीला केळी बांधलेली.

"हे काय?"

"इथली झाडं फार गुणी आहेत गं, पोरी."

"झाडाला बांधून ठेवलेले गुण? आणि सगळे पक्षी फळं खाणारेच कसे? झुडपात किडे टिपणारा एकही नाही. एवढ्याशा हिरवाईवर एवढे पक्षी! बाकीच्या जागांशी याचा मेळच बसत नाही. तुमची जागा मला मोजणीतूनच वगळावी लागेल."

वहिनीचा चेहरा पडला. "म्हणजे मी नकाशातच नाही?"

"केळी काढलीत तर आहात."

काढली. पुढच्या पहाटे चार होले आणि एक चिमणी आली. वहिनीनं पायरीवरून भुंडा उतार न्याहाळला. मग म्हणाली, "वर्षभर उतार नुसता सोडला, तर?"

"तर उपग्रहाला दिसेल."

आर्सेसियोला लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोनं काम न करण्याचं काम सांगितलं, आणि ते त्यानं मन लावून केलं. कोयता टांगला तो टांगलाच. झुडपं वाढली, वेली चढल्या, दरी दिसेनाशी झाली. गाड्या खाली रस्त्यावर लावाव्या लागल्याने गिऱ्हाइकं कुरकुरली. वर्षानं यामिले आली, तेव्हा तिच्या नकाशात आमचा उतार गडद झाला होता आणि पहाटेच्या मोजणीत पूर्वी न आलेल्या कितीतरी जाती होत्या. त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या आवाजावरून टिपलेल्या. पक्षी-वाट वहिनीच्या दारावरून गेली. मार्लेनीनं महिनाभर अबोला धरला.

अडचण एकच उरली. पक्षी आहेत, पण दिसत नाहीत. परवाच बोगोताहून आलेले एक गृहस्थ दुर्बीण लावून मान मोडेस्तोवर झाडीत बघत होते.

"बाई, शीळ ऐकू येतेय, पक्षी कुठाय?"

वहिनीनं ताट मांडलं. "फार लाजाळू आहे हो तो. माणसं जेवल्याशिवाय बाहेर येत नाही. बसा."