लिंबात शिजवलेला खेकडा

उल्बिओ अल्सीवारचं हसणं त्याच्या ताब्यात राहिलं नव्हतं. सुरुवात तो करायचा, शेवट खोकला करायचा. वाळत घातलेल्या कोकोच्या बियांतून अनवाणी पाय फिरवता फिरवता तो खेचराची नाहीतर पाद्रीबाबांची नक्कल सुरू करी. ऐकणारे पोट धरून बसत, आणि नेमकं शेवटच्या वाक्याला त्याची छाती भरून येई. मग ओढ्याकडे वळून तो गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचं थुंके आणि परत येऊन म्हणे, "तर खेचर काय म्हणालं... जाऊ दे, खेचरही विसरलं असेल आता." मानाबी प्रांताच्या डोंगरातल्या त्या वस्तीत उल्बिओच्या कितीतरी गोष्टी अशा बिनशेपटीच्या हिंडत असत.

खोकला क्षयाचा, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मोठ्या दवाखान्यात थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, तरी गोळ्या क्षयाच्याच मिळाल्या. त्याने त्या दोन वेळा, महिनोन् महिने, इमानेइतबारे गिळल्या. खोकला जागचा हलला नाही. तेव्हापासून घरात त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, दोरीचा झोपाळाही वेगळा. "राजेलोकांचं असंच असतं," तो म्हणे.

बायकोचा, आउरिस्तेलाचा, गोळ्यांवर मुळीच विश्वास नव्हता. तिच्याकडे तिच्या आईचा इलाज होता. ओढ्यातले खेकडे जिवंत आणायचे, काही उखळात ठेचून फडक्यातून रस पिळायचा, बाकीच्यांचं मांस हिरव्या लिंबांच्या रसात बुडवून ठेवायचं. वर कांदा, कोथिंबीर. मांस पांढरं पडलं की शिजलं. "लिंबू विस्तवापेक्षा बरं," तिची आई म्हणायची. "शिजवतं, आणि डोळ्यांत धूरही जात नाही." छातीला याच्यासारखं बळ कशानेच येत नाही, हे तर त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उल्बिओचा खोकला वाढला तशी आउरिस्तेला दुखरे गुडघे घेऊन ओढ्याच्या आणखी वर चढायला लागली, कारण मोठे खेकडे वरच्या कपारींत. तो वाटी चाटूनपुसून साफ करी. कवचं आणि नांग्या कुत्र्याला. कुत्र्याचं नाव अल्मिरांते, म्हणजे आरमाराचा सेनापती. पाणी दिसलं की पळायचा, म्हणून.

त्यांच्या एवेलिओलाही तिने हेच दिलं होतं. एकुलता एक. आधी खोकला, मग डोकं दुखणं, मग झटके. मिसरूड फुटायच्या आतच गेला. अगदी शेवटपर्यंत ती त्याच्या तोंडात चमच्याने रस घालत होती. "माझ्या हातचं खाऊन गेला," एवढं एकच समाधान तिच्यापाशी होतं, आणि इतकी वर्षं ती त्याच्यावर दिवस काढत आली होती.

भाची मारियुक्सीला मुलगी झाली तेव्हा धर्मपिता उल्बिओमामाच व्हायचा, हे तिच्या लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. एवेलिओनंतर त्याने मूल म्हणून कुणाला उचललंच नव्हतं. बाप्तिस्म्याला पोर हातात घेऊन उभं राहायचं, या एका गोष्टीसाठी त्याने पांढरा सदरा धुऊन ठेवला होता. आणि एक दिवस मारियुक्सी आली ती खांबांवरच्या त्या घराच्या बांबूच्या शिडीखालीच उभी राहिली.

"मामा, रागावू नकोस हं. सासूबाई म्हणतात..."

"त्या काय म्हणतात ते वर येऊन सांग. खालून बोलायला मी काय खजुराच्या झाडावर बसलोय?"

ती हलली नाही. "म्हणतात, खोकणाऱ्याच्या हातात पोर द्यायची नाही. आता तर अल्मिरांतेही खोकतो. लोक म्हणतात, मामाने कुत्र्यालाही क्षय दिला."

"तो माझ्या पेल्याला तोंड लावत नाही. त्याला किळस येते."

मारियुक्सी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय. तिला एकदा दाखव ना. ती हो म्हणाली तर पोर तुझ्याच हातात, मग सासू उलटी टांगून घेऊ दे."

डॉक्टरीण कीतोची, थंड हवेतली. इथल्या उकाड्यात बिचारी घामाने निथळत होती. तिला जरा बरं वाटावं म्हणून उल्बिओने कुत्र्याच्या क्षयाची बातमी तिखटमीठ लावून सांगितली. ती हसली नाही.

"कुत्र्याच्या तोंडून काय पडतं?"

"माझ्यासारखंच, गंजकं. आमचं दोघांचं सगळं सारखं, फक्त मत द्यायला मी एकटा जातो."

"आणि खायला? दोघांत मिळून काय?"

त्याने सांगितलं. तिने त्याला डबीत थुंकायला लावलं, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बराच वेळ पाहिलं आणि मग त्यालाही डोळा लावायला सांगितलं. आत झाकण असलेल्या इवल्या सोनेरी रांजणांसारखी अंडी होती.

"क्षय नाहीच, काका. तुमच्यापासून कुणाला काही लागणार नाही. पोरीला खुशाल घ्या, मुके घ्या." मग तिने बाकीचं सांगितलं. छातीत कॉफीच्या बीएवढे चपटे किडे. त्यांची अंडी थुंकीतून ओढ्यात, तिथून गोगलगाईत, तिथून खेकड्यात. तो खेकडा जो कच्चा खाईल त्याच्या छातीत पुन्हा किडे, मग तो माणूस असो, कुत्रा असो, की रात्री ओढ्याकाठी हिंडणारी, पोटाच्या पिशवीत पिल्लं घेऊन फिरणारी रापोसा असो. "लिंबाने नुसता रंग बदलतो. किडा मरायला विस्तवच लागतो."

"म्हणजे पेरणारा मी, कापणारा मी, आणि कोठारही मीच." आता ती हसली. तो मात्र टोपी हातात फिरवत राहिला. "बाई, हे लहान मुलाला झालं तर... झटके येतात का हो?"

"किडा डोक्यात गेला तर येतात. का? कुणाला आले होते?"

"नाही. असंच."

गोळ्यांची पुडी घेऊन तो डोंगर चढला. वाटेत त्याने आउरिस्तेलासाठी तीन थापा रचल्या. एक तंबाखूची, एक कोकोच्या धुळीची आणि एक तर चांगली खेचराची होती. पण अंगणात पोहोचला तर उद्याच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाची तयारी मांडलेली. टोपात जिवंत खेकडे खडखडत होते, शेजारी लिंबांचा ढीग, सुरी घेऊन आउरिस्तेला. अख्खी वस्ती जेवणार होती, पोरंबाळं धरून.

"काय म्हणाली?"

"क्षय नाही. पोर घ्यायला हरकत नाही म्हणाली."

आउरिस्तेलाने छातीवर क्रूसाची खूण केली, एप्रनचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं आणि रडता रडताच तोऱ्यात म्हणाली, "बघ म्हाताऱ्या! कुणाच्या हातच्या औषधाने? सांग ना!"

उल्बिओने तिच्या हातातलं लिंबू काढून घेतलं. "चूल पेटव. खेकडे उकळायचे."

मग त्याने सांगितलं. अंडी, गोगलगाय, लिंबू, कुत्रा. एवेलिओचं नाव काढलं नाही. मधे एकदा तरी खोकला यावा आणि गोष्ट तिथेच तुटावी, म्हणून तो वाट पाहत होता. जन्मात पहिल्यांदाच खोकला आला नाही.

आउरिस्तेलाने सुरी खाली ठेवली.

"झटक्यांचं विचारलंस तिला?"

"त्याचं काय, एवेलिओचं प्रकरण वेगळं—"

"खेचराच्या गोष्टी मला सांगू नकोस."

"विचारलं," तो म्हणाला. "येतात म्हणाली. कधी कधी."

ती उठली. चुलीत लाकडं सारली, सगळ्यात मोठं पातेलं चढवलं आणि खेकडे त्यात ओतले. ते लाल झाले, पाणी आटलं, तिने पुन्हा पाणी घातलं. मदतीला आलेली मारियुक्सी दबकत म्हणाली, "मामी, झाले की गं."

"अजून नाही."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उल्बिओ पोर घेऊन उभा राहिला. मधे खोकला आलाच. एका दिवसात तो कुठला जायला. पांढऱ्या सदऱ्यात तोंड खुपसून तो खोकला, सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. मारियुक्सीने मात्र पोर परत घ्यायला हात पुढे केला नाही. पोर त्याच्याकडेच राहिली.

जेवणाला शेंगदाण्याच्या रश्शात उकळलेले खेकडे आणि हिरवी केळी होती. लोक कुरकुरले. "आउरिस्तेला, लिंबू विसरलीस काय? म्हातारी झालीस!"

ती पातेल्यापाशी पळी घेऊन उभी होती. "लिंबू मागाहून पिळा," ती म्हणाली. "आधी विस्तव." आणि कडेवर मूल घेऊन जी जी बाई वाटी पुढे करी, तिला ती त्याच आवाजात, वाढता वाढता सांगे, "ओढ्याचं काही कच्चं देऊ नकोस गं पोराला. मी माझ्या एवेलिओला दिलं होतं."

एकजणी ते ऐकून रडायला लागली, तर आउरिस्तेलाने तिच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

उल्बिओ पोरीला खांद्यावर घेऊन तिच्याशेजारी उभा होता. पोरांनी त्याला खेचराची गोष्ट मागितली. "आज नको," तो म्हणाला. "आज मामी सांगतेय."