जॉबरकाकांचा फळा

“उद्यापासून माणसं लंगोटीवर फिरणार काय रे? नाही ना? मग कापडाचा धंदा बसेल कसा? आणि तू मेल्या आर्ट्सला जातोस?”

जॉबरकाका ओरडत होते. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांनी तोंड उघडलं की कॉटन ग्रीनच्या गोदामांवरची कबुतरं उडत. मी स्वतः पाहिलेली आहेत. गिरणीत जॉबर, म्हणजे विणकरांवरचा मुकादम; तीस वर्षं मागांच्या खडखडाटात बोललेला माणूस. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित तिसऱ्या मजल्यावर आधी पोचायचं.

दहावीचा निकाल लागला की काका चाळीच्या गणपती मंडळाच्या फळ्यावर शिक्षणाचे भाव लिहीत. माप गिरणीचंच. “डॉक्टर म्हणजे साचेखातं, रुबाबात कापड विणायचं. कॉमर्स म्हणजे त्रासन, जन्मभर सूत काता आणि खोका. आर्ट्स? झाडूवाला!” आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात, टेक्स्टाईल डिप्लोमा. कारण डिप्लोमावाला मास्तर, म्हणजे जॉबरवरचा साहेब, खात्यात शिरला, की पिकल्या केसांचे काका उठून उभे राहत. मास्तर त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचा.

“जॉबरनं उठून उभं राहावं, असा एक तरी आपल्या चाळीतून निघू दे,” ते वडलांना म्हणाले. वडील त्यांच्याच हाताखालचे. मला इतिहास शिकायचा होता. गिरण्यांच्या संपाला सहा महिने झाले होते. “गणपतीपर्यंत मिटतो,” काका म्हणाले. कुठल्या वर्षीचे गणपती, हे विचारायची माझी छाती झाली नाही. टेक्स्टाईल डिप्लोमाचा फॉर्म त्यांनीच आणला.

मी फर्स्ट क्लासात पास झालो, तोवर आमच्या गिरणीच्या कुलपालाही गंज चढला होता. काका भायखळ्याहून भाजी आणून जिन्याखाली विकू लागले. फळा तोच. वर टेक्स्टाईल, खाली भेंडी. त्यातला भेंडीचा भाव तेवढा खरा होता. पण वरची ओळ त्यांनी पुसली नाही.

पुढे गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला. बरोबर साचेखातं होतं तिथल्या गेटवर मला वॉचमनची नोकरी लागली. एका दुपारी काका काठी टेकत आले, माझ्या स्टुलाशेजारी थांबले. तेवढ्यात साहेबाची गाडी आली. मी ताडकन उठलो, सलाम ठोकला. साहेब कोवळा पोरगाच होता.

इतक्या वर्षांचं तोंडातून निघून गेलं. “काका, मी आर्ट्सला गेलो असतो तर?”

काका गाडीकडे बघत राहिले. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, “तरी उठलाच असतास.”