काल्हेरचे चार खांब

दुपारचे दोन. भिवंडीजवळच्या काल्हेर गावामागे, तीन बाजूंनी गोडाऊन असलेलं एक पडीक भातशेत. लाईट गेलेली. पंधरावीस माणसं एका लांबट चेंडूमागे धावताहेत.

भिवंडीत रग्बीचा क्लब होता, हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग मी एक किस्सा सांगतो, त्यातून दुसरा निघतो, आणि हसणं कमी होत जातं. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी या क्लबच्या बातम्या दिल्या. बहुतेक छापल्या गेल्या नाहीत, म्हणून त्या माझ्याकडेच साठल्या. या मंडळींना एकच गोष्ट हवी होती. एक मॅच आपल्या गावात व्हावी. बाहेरच्या टीमने इथे यावं आणि घरच्यांनी बांधावर बसून बघावं.

*

कॅप्टन बाळाराम काल्हेरचाच. मुंबईच्या कॉलेजात खेळ शिकला आणि चेंडू घेऊन घरी आला. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "प्रॅक्टिस किती वाजता?"

"लाईट गेली की."

मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. पण निम्मी टीम पॉवरलूमवर कामाला होती. लूम चालू असताना कोण सोडणार? लोडशेडिंगचं वेळापत्रक आमच्या पेपरात यायचं. सगळी भिवंडी ते वाचून शिव्या द्यायची. बाळाराम ते कापून चहाच्या टपरीवर चिकटवायचा. एकदा कुणी मंत्री येणार म्हणून आठवडाभर लाईट गेलीच नाही.

"मंत्र्याने प्रॅक्टिस बुडवली," बाळाराम म्हणाला. "बातमी द्या."

दिली. संपादकांनी फाडली.

*

पहिली मॅच मुंबईत. शर्टांसाठी एका लूममालकाने कापड दिलं होतं. पहिल्याच टॅकलला आमच्या अन्सारची बाही समोरच्याच्या हातात राहिली. हाफटाइमपर्यंत पाच शर्ट गेले.

"कापडाच्या गावाहून आलात ना?" त्यांच्यातला एकजण म्हणाला.

अन्सार लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस. त्याने फाटकी बाही परत मागून घेतली, उजेडात धरली आणि त्याला दाखवली. "कपड़ा मेरे लूम का है, भाई. कपड़ा फटा नहीं. सिलाई उधड़ी है."

उरलेली मॅच तो बनियनवर खेळला. हरले, पण कापडाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

*

रग्बीत खांद्याला खांदा भिडवून दोन्ही टीम एकमेकींना रेटतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. भिवंडीत मारामारी वाटली की पुढचा विचार काय येतो, हे मी सांगायला नको. एका दुपारी हवालदार सायकल दामटत आले.

"कोण कोणाला मारतंय?"

"कोणी नाही साहेब. आमचीच टीम आहे."

हवालदारांनी सगळ्यांना उभं करून नावं विचारली. विचारता विचारता, सवयीने, नावांप्रमाणे दोन रांगा केल्या. शेवटी बाळारामने दोन्हीकडची डोकी मोजली.

"इकडे नऊ, तिकडे सहा. साहेब, अशा टीम पाडल्या तर खेळ होणार नाही."

हवालदारांनी वही मिटली आणि सायकलीवर टांग टाकली.

*

बाहेरच्या टीमला बोलावलं की फोनवर एकच प्रश्न यायचा. "ग्राउंडवर गोलपोस्ट आहेत?" नव्हते. बांबू होते.

शेत बाळारामच्या वडिलांचं. ते म्हणायचे, "सगलीकरं गोडाऊन झाली. यो येक तुकरा हाय, त्याव धावा तुमी." मोडलेल्या शेडचे लोखंडी पाईप त्यांनीच आणून दिले. दापोड्याच्या वेल्डरने चार उंच खांब केले, जोडीजोडीला आडवा पाईप लावला, आणि विचारलं, "पत्रे कधी चढवायचे?"

"चढवायचेच नाहीत."

"मग उभं कशाला करताय?"

खांब उभे राहिले त्या दिवशी अन्सार संध्याकाळपर्यंत त्यांच्याखालून हलला नाही. मुंबईची एक टीम यायला तयार झाली. शुक्रवार ठरला, लूम बंद असतात म्हणून. अन्सारने सासऱ्यांनाही बोलावलं. जावई काम सोडून काय करतो, ते त्यांना एकदा बघायचं होतं.

*

गुरुवारी सकाळी अकराला अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. गॅस कटर घेऊन. शेताला लागून एक गोडाऊन होतं, विनापरवाना. पाडायची नोटीस त्याच्यावर लागून वर्ष झालं होतं.

बाळारामने बोट दाखवलं. "साहेब, नोटीस त्याला आहे."

"आज इथलं एक काम पूर्ण दाखवायचंय," साहेब म्हणाले. "तुम्ही मध्ये पडू नका."

अर्ध्या तासात चारही खांब बुडापासून कापले. शुक्रवारी मुंबईची टीम आली. रेफ्रीने मैदान बघितलं आणि खांबांशिवाय मॅच घेता येणार नाही म्हणाला. पाहुण्यांनी चहा घेतला आणि बस वळवली. अन्सारचे सासरे बांधावर बसून होते. त्यांनी विचारलं, "शुरू कब होगा?" अन्सारने त्यांना स्कूटरवर बसवून घरी सोडलं. त्यानंतर तो मैदानावर आला नाही.

मी माहितीच्या अधिकारात कागद मागवले. मैदानावरचे खांब कापल्याचा कागदच नाही. गोडाऊनच्या फायलीत मात्र त्या गुरुवारचा शेरा आहे: "अनधिकृत बांधकाम पूर्णपणे पाडले." खाली सही आहे, नाव नाही. सही कोणाची, म्हणून मी तीनदा लेखी विचारलं. उत्तर नाही.

शेऱ्याला पुरावा म्हणून फोटो जोडलाय. कापलेले चार पाईप गवतात पडलेत. मागे गोडाऊन उभं आहे, शटर उघडं, आणि हमाल ट्रकमध्ये माल चढवताहेत.